इंदुप्रभा स्टेशनावरच राहिली

"कादंबरी म्हणजे खरबूज बघा! सबंध कापायची गरजच नाही. हातात घेतलं, वास घेतला, की गोड निघणार का मचूळ ते आपल्याला कळतंच. आणि मचूळ असलं तर शेवटच्या फोडीपर्यंत खायची सक्ती केलीय का कुणी?"

ताडकळसचे माणिकराव हे येईल त्याला ऐकवीत. औरंगाबादेला मॅट्रिकपर्यंत शिकून आलेले, घरची शेती भरपूर, अंगानं गोल आणि मनानं सुखी असे गृहस्थ. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, कादंबऱ्यांचा! मेहुणे दिनकरराव पुण्याला राहत. ते रेल्वेनं पार्सल पाठवीत, आणि माणिकरावांचा गडी चुडाव्याच्या स्टेशनावरून ते बैलगाडीत घालून आणी. इतक्या लांबून धुरळा खात आलेल्या पाहुण्याला माणसानं निदान पाणी तरी विचारावं! पण माणिकरावांनी आजवर एकही कादंबरी शेवटापर्यंत वाचलेली नव्हती. नायिका बेशुद्ध पडली, कादंबरी खलास! नायक हा खलनायकाचा लहानपणी हरवलेला भाऊ निघाला, खलास! आणि लेखकानं मध्येच 'प्रिय वाचकहो' अशी हाक मारली, की दूध प्यायला आलेल्या मांजराच्या तोंडावर दार लावावं तसं ते पुस्तक मिटून टाकीत.

नापास झालेल्या कादंबऱ्या मुंजाजीकडे जात. मुंजाजी बाजारच्या दिवशी भजी तळायचा. "मालक," तो हात जोडून म्हणायचा, "औंदा बी कादंबऱ्या खराबच निघू द्या, देवा! बांधायला कागद कमी पडायलाय!"

हे असंच सुखानं चाललं असतं. पण एके दिवशी पार्वतीबाई, म्हणजे माणिकरावांच्या पत्नी, म्हणाल्या, "अवो, तुमी एकटेच मनात वाचताव आन मनातच चिडताव. आमी दुपारी डाळ निवडत बसताव, आमाला बी वाचून दाखवा की!"

माणिकराव खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर वाचन सुरू झालं. शेजारच्या धुरपताबाई सूप घेऊन येऊन बसल्या. मेंढरंवाल्या ग्यानबाची बायको केवळाबाई घोंगडी द्यायला म्हणून आली, ती घोंगडी अंथरून तिच्यावरच बसली. पाहता पाहता ओसरी भरली.

कादंबरीचं नाव इतकं लांब होतं की वेष्टनावर मावेना. नायिका इंदुप्रभा. आईबाप वारलेले, इस्टेटीपायी चुलत्यानं घराबाहेर काढलेली. निळं लुगडं नेसून, हातात पेटी घेऊन बिचारी एकटी स्टेशनावर येऊन बसते. तेवढ्यात जरीच्या टोपीचा एक माणूस तिच्याकडे बघत बघत जवळ येऊ लागतो, आणि इंदुप्रभेचा हात नकळत गळ्यातल्या ताइताकडे जातो...

फाट्! माणिकरावांनी पुस्तक मिटलं.

"पुरे! आता ह्या ताइतात फोटो निघणार. फोटोवरून हा जरीटोपीवाला तिचा हरवलेला भाऊ निघणार. मग ही बेशुद्ध पडणार! आम्हाला काय खुळं समजतो का हा लेखक? मुंजाजीऽ!"

मुंजाजी बाजाराला निघालाच होता. तो पुस्तक घेऊन गेला सुद्धा. ओसरीवर मात्र एकीचाही हात सुपात हलेना.

"मंग?" केवळाबाईनं विचारलं. "पुडं काय झालं, मालक?"

"मला काय माहीत? मी सोडून दिली ती."

"सोडून दिली? तरनीताठी पोरगी टेशनावर एकटी बसलीय, त्यो मेला टोपीवाला जवळ यायलाय, आन तुमी सोडून दिली?" धुरपताबाई कडाडल्या. "माणिकराव, तुमाला काळीज हाय का खरबूज?"

त्या दिवशी पार्वतीबाईंनी भाजीत मीठच घातलं नाही. "इंदूच्या काळजीत इसरले," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वरण करपलं. तेही इंदूच्याच काळजीत. माणिकराव पाण्याबरोबर भाकरी गिळीत राहिले. पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

इकडे केवळाबाईला काही चैन पडेना. तिनं सगळ्या जन्मात एकच स्टेशन पाहिलेलं होतं, चुडाव्याचं. तेव्हा इंदू बसली असणार ती चुडाव्यालाच, ह्याबद्दल तिच्या मनात तिळभरही शंका नव्हती. योगायोगानं ग्यानबा घोंगड्या विकायला चुडाव्याकडेच निघाला होता.

"अवो, जाता जाता टेशनावर तेवढं इचारून या," तिनं बजावलं. "आन पोरगी सापडली तर घेऊनच या घरी. आपुन सांबाळू."

ग्यानबा सरळ माणूस. चुडाव्याला पोचल्यावर आधी स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेला आणि पागोटं काखेत धरून म्हणाला, "सायेब, निळ्या लुगड्याची पोरगी हितं बसलेली दिसली का? हातात पेटी, नाव इंदूपरभा. चुलत्यानं घरातून हाकललीय. एक जरीटोपीवाला तिला पळवायच्या बेतात हाय."

स्टेशनमास्तरांच्या हातातली हिरवी झेंडी गळून पडली. "कुणी सांगितलं तुला?"

"ताडकळसच्या माणिकराव मालकानं. त्यान्ला समदं म्हाईत हाय, सायेब. पर पुडचं सांगायनात! सोडून दिली म्हनायलेत!"

व्हायचं तेच झालं. अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे पोलिसांतले मोठे अंमलदार, घोड्यावर बसून ताडकळसात दाखल झाले. बरोबर दोन जवान आणि लिहून घेणारा एक हवालदार. घोडं माणिकरावांच्या दारात थांबलं आणि सगळं गाव कुंपणाआडून माना काढून बघू लागलं.

"माणिकराव तुमीच?" अमीनसाहेब खुर्चीत बसत गरजले. "लडकी किधर है?"

"कोण लडकी, साहेब?"

"इंदूपरभा! नीली साडी, हात में पेटी!"

माणिकरावांचा जीव एकदम भांड्यात पडला आणि ते खदखदून हसले. हीच मोठी चूक झाली. चौकशीच्या वेळी हसणारा माणूस कुठल्याच अमीनाला आवडत नाही.

"साहेब, ती होय! ती कादंबरीत आहे!"

"कादंबरी?" अमीनसाहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. "ये गाव कौनसे तालुके में आता है?"

"गाव नाही साहेब... म्हणजे मी तिला पुण्याहून मागवली..."

"मंगवाई! लिखो!"

"...अर्ध्यापर्यंत बघितली, आणि बेकार निघाली म्हणून सोडून दिली!"

अमीनसाहेब ताडकन उभे राहिले. "बेकार निकली? शरम नहीं आती, इतने बडे आदमी को?"

"आमी बी हेच म्हनायलोत, सायेब!" दाराआडून धुरपताबाईंचा आवाज आला. "न्हाई आयकत!"

माणिकरावांचा एकेक शब्द तोंडातून बाहेर पडून त्यांच्याच मानेवर बसायला लागला होता.

"अब किधर है वो?"

"मुंजाजीला दिली."

"कायको?"

"भजी... भजी बांधायला."

ओसरीवर इतकी शांतता पसरली की घोड्याचं शेपूट हललेलं ऐकू आलं. जवान धावले आणि मुंजाजीला दंडाला धरून घेऊन आले. पोलीस पाहूनच मुंजाजीची बोबडी वळली होती. त्यानं अमीनसाहेबांच्या बुटांवर डोकं ठेवलं. "सायेब, माजी काई चुकी न्हाई! निम्मी संपली, निम्मी अजून दुकानात हाय!"

हवालदाराच्या हातातली लेखणी तिथल्या तिथे मोडली.

मग मुंजाजीच्या दुकानातून ती उरलेली निम्मी आली. तेलकट, बेसनाची बोटं उमटलेली पानं! त्यातही माणिकरावांनी आजवर नापास केलेल्या सगळ्या कादंबऱ्यांची खिचडी झालेली. हवालदार मराठी वाचणारा होता. त्यानं पहिलं पान उचललं. "'रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या त्या देहाकडे पाहून तो विकट हसला!'"

"खून!" अमीनसाहेब ओरडले. "आगे पढो!"

"'आणि त्या दोघांचा विवाह मोठ्या थाटात झाला.'"

"खून के बाद शादी?"

"'लग्नानंतर वर्षभरातच त्यानं भगवी वस्त्रं धारण केली आणि तो काशीला निघून गेला.'"

अमीनसाहेबांनी दाढी कुरवाळली, एक सुस्कारा टाकला. "ये बराबर है."

आणखी एकदोन पानं झाल्यावर मात्र त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मोकळ्या झाल्या. "अरे, तो ये किस्सा है? किताब का किस्सा?"

"किस्सा साहेब, किस्सा! नुसता किस्सा!" माणिकराव जवळजवळ नाचलेच.

"तो फिर आखिर में क्या हुआ लडकी का?"

"ते मला नाही माहीत. मी वाचलंच नाही पुढचं."

अमीनसाहेबांचे डोळे परत बारीक झाले. "कोई आदमी आधा किस्सा छोडता है? झूठ! चलो परभणी!"

"झूट न्हाई वो सायेब!" पार्वतीबाई डोक्यावरचा पदर सावरत पहिल्यांदाच पुढे आल्या. "ह्यांची खोडच हाय ती. आजपतोर एक बी पुस्तक पुरं केलं न्हाई ह्यांनी. पर आज पुरं करतेल. करताव ना?"

ह्या शेवटच्या दोन शब्दांत परभणीच्या कोठडीहून जास्त दरारा होता. अमीनसाहेबांनाही ते पटलं. इतकी घोडदौड करून आलो, मिसल, म्हणजे चौकशीची फाईल, उघडली, मिसलीत लडकी गुम आहे. ती सापडल्याशिवाय मिसल बंद कशी होणार? ते परत खुर्चीत बसले आणि मागे रेलले. "बोलो. पूरा बोलो."

माणिकरावांनी घसा खाकरला. जन्मभर कादंबरीकारांना शहाणपण शिकवलं होतं. आज दाखवू ह्यांना, कादंबरी कशी असते ती! साधी, सरळ, जशी घडते तशी!

"तर, इंदुप्रभा स्टेशनावर बसली होती. जरीटोपीवाला आला, आणि तसाच पुढे निघून गेला. मग थोड्या वेळानं ती उठली आणि घरी गेली."

"कुन्या घरी?" केवळाबाई उसळली. "घरातूनच काढलीय की तिला!"

"म्हणजे... मावशीकडे गेली."

"मावशी आसती तर टेशनावर कशाला रडत बसली आसती?" धुरपताबाई म्हणाल्या.

"ये किस्सा नहीं," अमीनसाहेब म्हणाले. "ये तो पंचनामा है."

माणिकरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जवानांनी काठ्या सावरल्या होत्या. आणि मग, काय सांगावं, त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "तेवढ्यात तिच्या गळ्यातला ताईत तुटून खाली पडला!"

"अगं माय!" सगळी ओसरी एका सुरात म्हणाली.

झालं! बांध फुटला. ताइतात फोटो निघाला. फोटो पाहून जरीटोपीवाल्यानं हंबरडा फोडला, कारण तो होता तिचा लहानपणी जत्रेत हरवलेला सख्खा भाऊ! इंदुप्रभा बेशुद्ध पडली. शुद्धीवर येऊन भावाला पाहून पुन्हा पडली. चुलत्याला पश्चात्ताप झाला, तो अनवाणी धावत आला आणि भाचीच्या... नव्हे, पुतणीच्या पायांवर कोसळला. माणिकरावांचा स्वर चढला, हात हवेत फिरू लागले. "मायबाप श्रोते हो!" त्यांनी डोळे मिटून हाक मारली, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही! केवळाबाई पदरानं डोळे पुशीत होती. मुंजाजी मुसमुसत होता. हवालदार लिहायचं थांबून तोंड उघडं टाकून बसला होता.

"शादी?" अमीनसाहेबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"लागली साहेब! मोठ्या थाटात!"

"लडका क्या करता था?"

क्षणभरच माणिकराव अडखळले. "अमीन होता, साहेब! पोलिसांतला. घोड्यावरून आला लग्नाला!"

अमीनसाहेबांची छाती फुलली. त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि हवालदाराला फर्मावलं, "लिखो. लडकी मिल गई. शादी हो गई. मिसल बंद!"

मुंजाजीनं लगेच कढई चढवली. भजी खाऊन, वर पार्वतीबाईंचा चहा पिऊन अमीनसाहेब तृप्त होऊन निघाले. त्या दिवशी जेवणातली भाजी अशी झाली होती की माणिकरावांनी दोनदा मागून घेतली. गावात त्यांचा भाव एकदम वधारला. कुणीही वाटेत थांबवून म्हणायचं, "मालक, त्यो ताईत लय भारी हो!" माणिकराव लाजून हसायचे. कादंबरीकारांवरचा त्यांचा रागही थोडा निवळला. काय काय सोसावं लागतं बिचाऱ्यांना, हे आता त्यांना कळलं होतं.

दिवाळीला दिनकरराव पुण्याहून आले. झाला प्रकार त्यांना कळला होता, म्हणून मुद्दाम त्याच कादंबरीची दुसरी, नवी कोरी प्रत घेऊन आले. माणिकरावांनी हसत हसत स्टेशनचं पान काढलं. आणि त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

ताइतातून फोटो निघालाच नव्हता! भाऊबिऊ कुणी नव्हता! इंदुप्रभा बेशुद्धही पडली नाही. जरीटोपीवाला जवळ येताच तिनं हातातली पेटी त्याच्या गुडघ्यावर अशी हाणली, की तो जागीच बसला. मग तिनं ताईत मोडून तिकीट काढलं, दूरच्या एका गावात शाळामास्तरीण झाली, आणि शेवटच्या पानावर, स्वतःच्या अंगणात, स्वतः लावलेल्या जाईच्या वेलाखाली, ती एकटीच शेंगा फोडीत बसलेली होती. एवढंच. इतकी सुंदर कादंबरी! आणि ती आपण भज्यांना दिली!

ते धावतच ओसरीवर आले. "ऐका गं बायांनो! इंदूचं खरं काय झालं ते सापडलं!" आणि भरल्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली.

पेटी हाणण्यापर्यंत बायांनी मुकाट ऐकलं. मग केवळाबाईनं हात वर केला. "थांबा, मालक. हे कोन सांगितलं ह्या बाबाला?"

"अगं, त्यानंच तर गोष्ट लिहिलीय!"

"लिहिली आसंल. पर तवा त्यो हितं होता का? आमी समदे होताव."

"सुखानं नांदायलीय पोरगी," धुरपताबाईंनी सूप पाखडत निकाल दिला. "अमीनासंगं लगीन झालंय तिचं. आता तिला परत टेशनावर कामून आनून बसवायलाव?"

माणिकरावांनी आशेनं पार्वतीबाईंकडे पाहिलं. पार्वतीबाईंनी आवाज खाली आणला. "अवो, लगीन सरकारी कागदावर चढलंय. तुमी सरकारच्या इरुद्ध वाचायलाव! कुनी आयकलं म्हंजी?"

माणिकरावांनी पुस्तक मिटलं आणि ते आत गेले. ती कादंबरी त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. जन्मात पहिल्यांदाच! फक्त खोलीचं दार आतून लावून, ओठसुद्धा न हलवता.