कप्पीवरचे पाच वेढे

"अहो, सुई बदलायला आलोय आपण. ऑपरेशन करायला नाही," बायको तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा निरीक्षक सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर पालथे पडले होते. रेकॉर्ड प्लेयरच्या टेबलाच्या एका पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला होता. वर तबकडीवर पाणसळ ठेवलेली होती आणि तिच्यातला बुडबुडा अजूनही मध्यावर यायला तयार नव्हता.

"तबकडी कलती आहे," निरीक्षक जमिनीवरून म्हणाले. "कलत्या तबकडीवर नवी सुई ठेवणं म्हणजे गुन्हा आहे."

निरीक्षक वजनमापं खात्यात होते. बावीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून त्यांना एक खोडच लागली होती. घरी दुधाची पिशवी आली की ते ती आधी हातावर तोलून बघत आणि मगच दूध तापायला जाई. कचेरीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'मिलिग्राम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

एकच गोष्ट त्यांना सलत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण सासऱ्यांनी त्यांच्या कुठल्याही कामाला एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. नळ दुरुस्त केला तर "गळायचा थांबला वाटतं", दिवा बसवला तर "लागतोय खरा". त्यामुळे सासऱ्यांनी फोन करून "ती सुई जरा खरखरतेय, बघता का?" असं विचारलं, तेव्हा निरीक्षक रविवारची झोप सोडून पाणसळ, पकड, पुठ्ठे आणि कचेरीतली मखमली पेटीतली वजनं घेऊन हजर झाले होते.

सासरे एके काळी हॉटेलातल्या बँडमध्ये ड्रम वाजवत. त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली आणि तिच्यात शेवटी सासऱ्यांचा एकट्याचा ड्रम होता. काय तो वेग! दोन हात वाजवताहेत की सहा, ते कळत नसे. त्या रेकॉर्डपायी लोक त्यांना 'वादळ' म्हणू लागले. घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग रेकॉर्ड आणि मग चहा असा क्रम होता. रेकॉर्ड ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही, हे पोस्टमनलासुद्धा माहीत होतं. तबकडी थांबली की सासरे डोळे उघडून म्हणत, "आजही वाजवीन. याच वेगानं. मनात आणलं तर."

बुडबुडा एकदाचा मध्यावर आला. मग सुईचा दाब. तो दोन ग्रॅम हवा, असं सुईबरोबरच्या पत्रकात छापलं होतं. निरीक्षकांनी जेवणाचं टेबल अडवून त्यावर छोटा काटा मांडला आणि चिमट्यानं एकेक वजन ठेवायला सुरुवात केली.

"जेवायचं कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"पाच मिनिटं, आई. श्वास जरा हळू सोडा. काटा हलतोय."

सगळ्यांनी ताटं मांडीवर घेऊन जेवण उरकलं. दाब जमला. आता फक्त वेग तपासायचा राहिला होता. निरीक्षकांनी ठिपके छापलेला एक गोल कागद तबकडीवर ठेवला आणि ट्यूबलाइट लावली. वेग बरोबर असेल तर ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. हे ठिपके मात्र भराभर पुढे सरकत होते.

"पळतंय!" निरीक्षक ओरडले. एखाद्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्यामागे खोटं वजन सापडावं तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तबकडी उचलली. खाली मोटरची छोटी पितळी कप्पी होती, तिच्यावरून रबरी पट्टा जात होता, आणि कप्पीवर कुणीतरी कापडी चिकटपट्टीचे पाच वेढे गुंडाळले होते.

"हे कुणी केलं?"

"मी," सासरे म्हणाले. "पट्टा घसरत होता. आमच्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट."

"कप्पी जाड झाली की तबकडी जोरात फिरते, बाबा! म्हणजे गेली बेचाळीस वर्षं ही रेकॉर्ड दहा टक्के जादा वेगानं वाजतेय!"

बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. पण मिलिग्रामची गाडी एकदा सुटली की मध्ये थांबत नसे. त्यांनी पाचही वेढे सोलून काढले, कप्पी स्पिरिटनं पुसली, नवा पट्टा चढवला. ठिपके ठाम उभे राहिले. "आता ऐका खरी रेकॉर्ड," ते म्हणाले आणि सासऱ्यांकडे आशेनं बघत त्यांनी सुई ठेवली.

बँड सुरू झाला तो जरा पेंगुळल्यासारखाच. शेवटी ड्रम आला. वाजवणारा चांगला होता, हात स्वच्छ होता, ताल पक्का होता. पण हात दोनच होते.



"मशीन बिघडवलंत तुम्ही," सासरे म्हणाले.

"बिघडलेलं होतं, ते नीट केलं. ठिपके बघा ना. तुम्ही तेव्हा एवढ्याच वेगानं वाजवलंय, बाबा."

"मी? हे? अहो, हे तर मी झोपेत वाजवीन!" सासरे तरातरा आत गेले आणि कपाटातून ड्रमच्या काठ्या घेऊन आले. त्यांनी पत्र्याचा मोठा डबा पालथा घातला. "लावा पुन्हा."

रेकॉर्ड पुन्हा लागली. सुरुवातीला सासरे बरोबरीनं होते. शेवटचा तुकडा आला तशी काठी अडखळली, मग दुसरी चुकली. रेकॉर्ड संपली तेव्हा सासऱ्यांचे अजून चार ठोके बाकी होते. ते त्यांनी वाजवले नाहीत. काठ्या डब्यावर ठेवून ते म्हणाले, "चहा करा," आणि गॅलरीत जाऊन बसले.

"चिकटपट्टी परत लावू का?" निरीक्षकांनी हळूच विचारलं.

"नको," गॅलरीतून उत्तर आलं. "आता कळलंय ना."

गुरुवारी कचेरीत सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, काय करून गेलात तुम्ही हे? माणूस 'हूं'च्या पलीकडे बोलत नाही. रोज सकाळी टेबलावर बोटं वाजवायचे, मी वैतागायची. आता ती टकटक नाही तर भाजीत मीठ किती पडतंय तेच कळेना. काल डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, वय. बेचाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता."

निरीक्षकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आपलं काय चुकलं तेच त्यांना सापडेना. प्रत्येक माप बरोबर होतं, आणि तरीही घर बिघडलं होतं.

रविवारी ते चिकटपट्टीचं नवं कोरं रीळ घेऊन सासुरवाडीला गेले. सासूबाईंनी आधीच सासऱ्यांना मुलीबरोबर केस कापायला पिटाळलं होतं. त्यांनी दाराला कडी घातली आणि रीळ बघून मान हलवली.

"ते नको. रेकॉर्ड जोरात लावली तर ते आणखी मागे पडतील. हळू होईल का?"

"बरोबर वेगापेक्षा हळू?"

"त्यांच्या हाताला आज जेवढं जमतंय, तेवढी."

"आई, ती चूक होईल!"

"केवढी?"

निरीक्षकांनी मनाशी हिशेब केला. "पंधरा-सोळा टक्के."

"मग करा."

"आई, मी वजनमापं खात्यात नोकरी करतो!"

"आणि मी या घरात राहते," सासूबाई म्हणाल्या.

 कप्पी बारीक केल्याशिवाय वेग कमी होणार नव्हता. निरीक्षकांनी मोटर चालू करून फिरत्या कप्पीला कानस लावली. पितळेचा भुगा पडू लागला तसा त्यांच्या कपाळावर घाम आला. वजनाचं बूड घासलं म्हणून त्यांनी आजवर निदान दोनशे लोकांवर खटले भरले होते. आता साक्षीला कुणी नव्हतं, तरी ते दोनदा खिडकीतून बाहेर डोकावून आले.

"पण बाबांचा हात किती चालतो, ते कसं कळणार?"

"मला कळतं," म्हणत सासूबाईंनी पळी घेतली आणि ओट्यावर ठोके धरले. सासऱ्यांचा हात अडखळला होता तो शेवटचा तुकडासुद्धा त्यांनी नेमका धरला. निरीक्षक कानशीचा हात मारत, रेकॉर्ड लावत, आणि सासूबाई पळी वाजवून म्हणत, "अजून. अजून थोडं. आता आलं." ठिपक्यांचा कागद निरीक्षकांनी स्वतःच घडी घालून खिशात टाकला. तो बघवत नव्हता.

सासरे आले. प्लेयरवर पितळेची धूळ बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा हात लावलात?"

निरीक्षकांनी कानस पाठीमागे लपवली. "बाबा, मागच्या वेळी माझंच माप चुकलं होतं."

 सासऱ्यांनी काठ्या आणल्या, डबा पालथा घातला आणि ते म्हणाले, "लावा."

बँड सुरू झाला. सॅक्सोफोनला सर्दी झालेली होती. बायकोनं बोलायला तोंड उघडलं, पण आईचा चेहरा बघून मिटलं. शेवटचा तुकडा आला. सासऱ्यांचे खांदे सैल होते, काठ्या डब्यावर एकामागून एक पडत होत्या. कुठे अडखळणं नाही, कुठे मागं राहणं नाही. रेकॉर्डचा शेवटचा ठोका आणि डब्यावरचा ठोका एकदमच पडला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि कांदा चिरायला घेतला.

"बघितलंत?" सासरे धापा टाकत म्हणाले. "आजही! त्याच वेगानं!" मग ते निरीक्षकांकडे वळले. "छान, जावईबापू. मोजूनमापून केलेलं काम म्हणजे असं असतं. छान!"

निरीक्षकांना आनंदानं हसावं की खात्याकडे राजीनामा पाठवावा, हेच सुचेना. तेवढ्यात सासऱ्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिथेच अडकली.

"हे काय? ही रेकॉर्ड तीन मिनिटांची. आयुष्यभर तीन मिनिटांची. आणि काटा तर चार मिनिटं पुढे गेलाय."

कांदा चिरण्याचा आवाज थांबला. बायको छताकडे बघू लागली.

"पळतंय हे घड्याळ," सासरे म्हणाले. "आता तुम्ही आलाच आहात, तर तेही जरा हळू करून द्या."

निरीक्षकांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी हात पुसले, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून भिंतीशी लावलं, आणि ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या.