पोटातला पत्रव्यवहार

कोसमफाट्याच्या सरकारी दवाखान्यात एकही रोगी एका वेळी दोन ठिकाणची औषधे घेत नसे. ही गोष्ट प्रत्येक रोग्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली होती, आणि रोग्याच्या तोंडाला वैद्यकशास्त्रात फार महत्त्व आहे म्हणतात. निदान जीभ पाहण्यापुरते तरी असावे.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती. अहेरी आणि आलापल्लीच्या मधल्या सागाच्या जंगलात हा दवाखाना होता. त्या सुमारास जिल्ह्याच्या कचेरीला असे समजले की, दोन वेगवेगळी औषधे एकाच पोटात गेली तर ती कधी आपसात भांडतात, आणि कधी त्याहून वाईट म्हणजे त्यांची युती होते. दोन्ही प्रसंगी रोगी दगावू शकतो. समजले ते खरे होते. सरकारला खरी गोष्ट समजली की ती लाकडी फळ्यावर रंगवून भिंतीला ठोकण्याची रीत आहे. त्याप्रमाणे दवाखान्याच्या दारात फळा लागला: ‘दुसरीकडील औषध घेणाऱ्यास येथे औषध मिळणार नाही. हुकुमावरून.’

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे होते, शिस्तीचे होते. ते प्रत्येक रोग्याला फळ्याकडे बोट दाखवून विचारत, “दुसरीकडचे औषध घेता काय?” पहिल्या आठवड्यात काही भोळ्या माणसांनी ‘हो जी’ म्हटले. त्यांना हात न लावता परत पाठवण्यात आले. कोणी भामरागडच्या वाटेने पायी आले होते, ते त्याच वाटेने पायी गेले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले की, तिथं काय पण विचारलं तर ‘नाई’ म्हणायचं.

त्यानंतर ‘हो’ म्हणणारा रोगी त्या दवाखान्याने पाहिला नाही. एका म्हातारीच्या मुठीत दुसऱ्या दवाखान्याची पुडी होती, तरी ती मूठ तशीच छातीशी धरून ‘नाई’ म्हणाली. हुकूम इतका यशस्वी झालेला डॉक्टरसाहेबांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता. महिन्याच्या अहवालात ‘दोन औषधांमुळे झालेले अपाय’ या सदरापुढे ते स्वतःच्या हाताने शून्य काढत. फार वाटोळे काढत.

अशा निर्मळ ठिकाणी खुर्शीदबाई नर्स म्हणून आल्या. बाई चांद्याच्या, वडिलांचे कापडाचे दुकान. शिक्षण नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात झालेले. बाईंची विद्या काही जगावेगळी नव्हती. दोन गुंगीची औषधे एकत्र देऊ नयेत, हे त्यांना जितके ठाऊक होते तितके डॉक्टरसाहेबांनाही होते. किंबहुना त्यांच्या खोलीत त्याचा इंग्रजी तक्ता काचेच्या चौकटीत होता. दोघांत फरक एवढाच की बाई खाटेवर बसून विचारत.

“काल सांजपासून पोटात काय काय गेलं, भाऊ? माह्या पोटात तर डोकेदुखीची गोळी गेली, वरून काढा. आता पोट गुडगुड करून राह्यलं.”

“नर्सबाई होऊन काढा पेता जी?”

“मग! अम्मीनं धाडला. तुमच्यावाला सांगा.”

मग तो सांगे. दुसऱ्याच्या पोटाची गोष्ट ऐकल्यावर आपल्या पोटाची न सांगणे आमच्याकडे उद्धटपणाचे समजतात.

पहिल्याच आठवड्यात कोलू नावाचा एक अशक्त मनुष्य सापडला. दवाखान्याचे लोहाचे औषध दोन महिने घेऊनही त्याचे रक्त वाढत नव्हते. त्यावर तो वैदूचे हिरड्याचे चूर्णही घेई, एकाच पाण्याच्या घोटाबरोबर, पाणी वाया जाऊ नये म्हणून. आता लोह आणि हिरडा एकत्र केले की काय होते, हे गावच्या शाळामास्तरांना माहीत होते; ते तशीच शाई करत. कोलूच्या पोटात दोन महिने शाई तयार होत होती. बाईंनी एक सकाळी आणि एक रात्री घ्यायला सांगितले. डॉक्टरसाहेबांना कळवले. चालू महिन्याच्या त्या सदरापुढे शून्याऐवजी ‘एक’ लिहावे लागले, आणि त्या एक आकड्याने डॉक्टरसाहेबांची झोप गेली.

दुसरा मुखरू.

मुखरू लाकूडडेपोत ओंडके चढवी. एक ओंडका घसरला आणि त्याचा खांदा ठेचला. दवाखान्यात खाट मिळाली. दुखण्याने डोळा लागेना म्हणून डॉक्टरसाहेबांनी झोपेचे मिक्स्चर लिहून दिले. फळा दाखवला. मुखरू म्हणाला, “नाई जी.” त्याची बायको रंभा पायाशी उभी होती, तीही, कोणी विचारले नसताना, “नाई जी” म्हणाली.

परंतु लाकूडडेपोचाही एक दवाखाना होता, आणि दवाखाना म्हटला की नियम आलाच. तेथील कंपाउंडर रामाजी यांच्यापाशी एकच औषध होते, हगवणीची पुडी, आणि तिच्यात अफूचा अंश असे. ती ते हगवणीला देत, खोकल्याला देत, ठेचलेल्या खांद्यालाही देत. डेपोचा नियम असा की, जो डेपोची पुडी रोज नेतो तो आजारी. जो नेत नाही तो कामचुकार, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस. मुखरूला डेपोत आजारी राहायचे तर पुडी नेणे भाग होते, आणि दवाखान्यात आजारी राहायचे तर पुडी न घेणे भाग होते. रंभा रोज सकाळी डेपोत जाऊन पुडी आणी आणि नवऱ्याच्या जिभेवर ठेवी. फेकून देण्याचा विचार तिच्या मनात आला नाही. फुकट मिळालेले औषध फेकणारा मनुष्य आम्ही शहरातही पाहिलेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरसाहेब मुखरूच्या खाटेपाशी थांबले. मुखरू गाढ झोपला होता.

“पहा, औषध कसे लागू पडले,” ते समाधानाने म्हणाले. “हाक मारली तरी उठत नाही.”

‘हाक मारली तरी उठत नाही’ हेच नेमके खुर्शीदबाईंना आवडले नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला. एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. पापणी उचलली तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्या रंभाजवळ जमिनीवरच बसल्या.

“रंभाबाई, मी फळा नाई विचारून राह्यली. मले फक्त सांगा, सकाळपासून यायच्या पोटात काय गेलं?”

“नाई जी.”

“पोटात ‘नाई’ गेलं?”

रंभाने फळ्याच्या दिशेने पाहिले. “सांगतलं तर हाकलान तुमी.”

“हाकलाले माणूस तं जित्ता पायजे ना, माय!”

तेव्हा रंभाने पदराची गाठ सोडून पुडीचा कागद दाखवला. पुढचा तासभर दवाखान्यात धावपळ झाली. मिक्स्चर बंद झाले, डॉक्टरसाहेबांनी इंजेक्शन दिले (ते वाईट डॉक्टर नव्हते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो), बाईंनी मुखरूला चिमटे काढून जागे ठेवले, काळी कॉफी पाजली, आणि संध्याकाळी मुखरू डोळे उघडून म्हणाला, “काऊन मारून राह्यले जी मले?”

मनुष्य वाचला. मात्र अहवालात त्या ‘एका’चे ‘दोन’ करावे लागले.

शून्याचा एक होतो आणि एकाचे दोन, तेव्हा चौकशी होतेच. जिल्ह्याहून तपासणीसाहेब जीपमधून आले. ते शांत आणि तर्कशुद्ध होते. त्यांनी खुर्शीदबाईंना समोर उभे केले.

“तुम्ही येण्यापूर्वी येथे असे प्रकार किती झाले?”

“मले मालूम नाई, साहेब.”

“मला आहे. शून्य. तुम्ही आल्यावर?”

“दोन.”

“तुम्ही काय करता?”

“मी विचारते, साहेब.”

“आणि विचारले की सापडते.”

“हो.”

“म्हणजे विचारले नसते तर नसते.”

“कळलं नसतं, साहेब. असतं तर.”

“सरकारच्या दृष्टीने दोन्ही एकच,” तपासणीसाहेब म्हणाले. पुढे त्यांनी चष्मा पुसत अधिक मूलभूत शंका काढली. “मिक्स्चर आमच्या खात्याचे. पुडी डेपोची. या दोन खात्यांत आजवर एकाही पत्राची देवघेव झालेली नाही. पत्रव्यवहार नसताना त्यांची औषधे परस्पर भेटलीच कशी?”

“पोटात भेटले, साहेब.”

“कोणाच्या परवानगीने?”

डॉक्टरसाहेबांनी हळूच सुचवले की, डेपोला एक पत्र लिहून पुडी बंद करवता येईल. तपासणीसाहेबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले. पत्र लिहिले म्हणजे डेपोत दवाखाना आहे हे मान्य केल्यासारखे होईल, आणि तो मंजूर नव्हता. नामंजूर दवाखान्याची पुडी अस्तित्वात नसते; जी अस्तित्वात नाही ती मुखरूला बाधली कशी? तेव्हा मुखरूची खाट राहिली आणि मिक्स्चरही पुन्हा सुरू झाले. राहता राहिल्या त्या नर्स. त्या मंजूर होत्या, म्हणून त्यांची बदली झाली, लांब भामरागडला, जेथे पावसाळ्यात रस्ता बंद होतो आणि आकडे बाहेर येत नाहीत.

निघताना बाई मुखरूच्या खाटेपाशी आल्या.

“रंभाबाई, दोन्ही संग नाई द्यायचे. ध्यानात ठेवजा. एकच.”

“कोनतं एक, बाई?”

“ते डॉक्टरसाहेबाले सांगून ठरवा. पुडीचं सांगा त्याइले.”

“सांगीन जी,” रंभा म्हणाली. बाईंची बैलबंडी वळणाआड गेल्यावर तिने फळ्याकडे पाहिले आणि सांगितले नाही.

मात्र ऐकलेले ती विसरली नाही. एकच द्यायचे. पुडी सोडली तर डेपोतली जागा जाते. शिवाय पुडीने खांद्याची कळ थोडी मरते. म्हणून तिने मिक्स्चर सोडले. नव्या नर्स कमळाबाई पेला ठेवून जात आणि रंभा तो खिडकीतून ओती. खिडकीखाली एरंडाचे झाड होते. त्याने त्या आठवड्यात मान टाकली, परंतु झाडांना त्या दवाखान्यात खाट नव्हती.

आता रंभाला दोन प्रश्न येत. “दुसरे औषध घेतो काय?” “नाई जी.” “आपले औषध घेतले काय?” “हो जी.” दोन्ही उत्तरे नियमाप्रमाणे होती. फक्त मुखरू नियमाप्रमाणे झोपत नव्हता. पुडीचा अंमल उतरला की तो कण्हत बसे. डॉक्टरसाहेबांनी विचार केला: औषध वेळेवर जाते, दुसरे काही जात नाही (पुडी तर आता अस्तित्वातच नव्हती), तरी झोप नाही. अर्थ उघड होता. औषध कमी पडते. त्यांनी मात्रा दुप्पट केली. तीही एरंडाला गेली. मग त्यांनी ती पुन्हा वाढवली, आणि ते जात्या काळजीवाहू असल्यामुळे असेही लिहिले की, यापुढे नर्सने समोर उभे राहून स्वतःच्या हाताने पाजावे.

हा शेरा पडला तो अहेरीच्या बाजाराचा दिवस होता. रंभा पहाटेच डेपोत जाऊन आली, नवऱ्याच्या जिभेवर पुडी ठेवली, आणि मीठमिरची आणायला निघाली.

“सांजच्याले येते. पेला आला तं ठेवून दे. मी पाह्यते त्याचं.”

“हो, जाय तू,” मुखरू म्हणाला. पुडीने त्याला बरे वाटत होते.

कमळाबाई पेला घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या.

“बायकोले येऊ द्या जी,” मुखरू म्हणाला.

“औषध बायकोसाठी थांबत नाही, भाऊ. दुसरे काही घेतले आहे का?”

कमळाबाईंनी विचारले नाही असे कोणी म्हणू नये. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवून, जसे विचारायचे तसेच विचारले. मुखरूने फळा पाहिला. आणखी चार दिवस खाट हवी होती. खांदा अजून उचलत नव्हता.

“नाई जी,” तो म्हणाला, आणि बाईमाणूस हात पुढे करून उभी आहे, तिला ताटकळत ठेवणे बरे नाही, म्हणून पेला रिकामा केला.

दुपारी डॉक्टरसाहेब खाटेपाशी आले. मुखरू झोपला होता.

“अखेर लागू पडले,” ते म्हणाले. “त्याला उठवू नका.”

त्याला कोणी उठवले नाही.

रंभा आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत मुखरूसाठी बाजारचा गूळ होता. खाटेभोवती माणसे उभी होती. डॉक्टरसाहेबांचा चेहरा पडलेला होता. त्यांना खरोखर वाईट वाटले होते, आणि थोडी शंकाही आली होती. ते तिच्याजवळ गेले आणि, कदाचित पहिल्यांदाच, फळ्याकडे बोट न दाखवता हळू आवाजात म्हणाले, “बाई, खरे सांगा. त्याने दुसरे काही घेतले होते काय?”

रंभाने टोपली खाली ठेवली. पलीकडच्या खाटेवरचा चैतू तिच्याकडे पाहत होता. त्याच्या उशीखाली वैदूची मुळी होती. त्यापलीकडच्या खाटेवरची बाई पाहत होती. सगळा वॉर्ड पाहत होता. तिने ‘हो’ म्हटले असते तर मुखरू काही उठला नसता, आणि उद्या सकाळी सगळ्यांच्या उशांची झडती झाली असती.

“नाई जी,” रंभा म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी श्वास सोडला. महिनाअखेर त्यांनी त्या सदरापुढे शून्य काढले. ते पूर्वीइतके वाटोळे आले नाही, असे म्हणतात, पण शून्याला आकार चालतो कोणताही.

ही हकिकत आम्ही ज्या थोड्या सुशिक्षित मंडळींना वाचून दाखवली, ती सर्व हळहळली. अडाणी लोक, काय करणार, असे म्हणाली. ऐकणाऱ्यांत एक गृहस्थ होते. त्यांचे एक औषध मोठ्या डॉक्टरांचे, एक मेहुण्याने सुचवलेले, आणि झोपेची एक गोळी शेजाऱ्यांकडची. मोठ्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा तुम्ही काय सांगितलेत, असे आम्ही त्यांना भीत भीत विचारले. ते नुसते हसले.

तुम्हीही आत्ता तसेच हसलात. असू द्या. आम्ही काही खाटेवर बसून विचारणारे नाही.