बिनधुराची मोटारसायकल

"हरलास तर बाजाराच्या दिवशी मला गाडीवर बसवायचं, अन् फाट्यापासून पारापर्यंत ढकलत न्यायचं. गाडी बंद. कबूल?"

"कबूल वैजू! अन् तू हरलास तर ढकलायचं तू. मी फेटा बांधून बसतो का न्हाई बग!"

झरीत वैजीनाथच्या ओट्यावर ही पैज लागली तेव्हा सत्याऐंशी साल चालू होतं आणि वैजीनाथची लाल मोटारसायकल दीड महिन्याची झाली होती. समोर बसलेला चंद्रभान त्याचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. चाळिशी उलटली तरी कुणाच्या चपला लिंबावर टांगायच्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी कुणाच्या बैलाचं एकच शिंग रंगवून यायचं, हे त्याचं सुटलं नव्हतं. गावाला हसवायचं आणि आपण सुतकी तोंड करून बसायचं.

भांडणाचं मूळ एक कूपन होतं. परभणीच्या डीलरनं गाडीबरोबर फुकट सर्विसिंगची तीन कूपनं दिली होती, आणि पहिल्याची तारीख जवळ आली होती. वैजीनाथ म्हणत होता, जायचं नाही.

"फुकट कोण काय करतंय गड्या? गाडी आत नेत्यात, आपल्याला बाहीर बाकड्यावर बसवत्यात. आत माझं नवं सामान काढून कुण्या जुन्या गाडीचं बसवलं तर मला काय मालूम? वीस वर्षं झाली, हिरीवरचं इंजिन मीच खोलतो, मीच बसवतो. ही तर त्याच्यापुढं लेकरू हाय."

"मग खोल की! अन् तशीच पाथरीला जाऊन दाखीव."

पाथरीला जायचंच होतं. वैजीनाथच्या बायकोचं, मनकर्णाचं, ते माहेर. तिच्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता आणि परवा दुपारी चारला बारसं होतं. एकुलती एक आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. नाव तिनं महिनाभर आधीच ठरवून ठेवलं होतं, ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती दारातून म्हणाली, "भावजी, तुमची पैज गेली चुलीत. माझं बारसं चुकलं तर बगा."

"चुकतंय कशाला वैनी? गाडी बसली तर अकराची एसटी हायच की."

दुसऱ्या दिवशी वैजीनाथनं अंगणात पोतं अंथरलं. घमेल्यात रॉकेल, विहिरीवरचे पान्हे, जुन्या धोतराची फडकी. चंद्रभान न पेटवलेली बिडी तोंडात धरून समोर उकिडवा बसला. शेवटी दोन-चार नट उरतील आणि ते गावभर दाखवत फिरता येईल, अशी त्याला लय आशा. पण वैजीनाथचा हात खरोखर चांगला होता. चेन धुतली, प्लग घासला, तारा ओढून बसवल्या. पोत्यावर एक नट उरला नाही. चंद्रभाननं पोत्याची कड उचलूनही बघितली.

तेवढ्यात वैजीनाथनं नळी काढून थोडं पेट्रोल बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. निळसर दिसलं. बोटांनी चोळलं, तर बुळबुळीत.

"भेसळ! हे बग, पेट्रोलात तेल मिसळलंय बेइमानांनी! तरीच म्हणलं, मागनं एवढा धूर काहून निघायलाय!"

चंद्रभाननं तोंड उघडलं. परभणीच्या त्याच्या मेहुण्याकडं स्कूटर होती. पंपावर मागं बसून त्यानं धा वेळा बघितलं होतं, की असल्या गाड्यांना पेट्रोलात तेल मिसळावंच लागतं. नाही मिसळलं तर आतला पिस्टन कोरडा पडून जाम होतो. पंपवाला न सांगता मिसळूनच देतो. पण हिरीवरच्या इंजिनाला डिझेलची जागा वेगळी आणि तेलाची वेगळी; वैजीनाथला हे कुठून ठाऊक असणार?

एकच वाक्य होतं. जिभेवर आलंही. मग चंद्रभानला फाट्यापासून पारापर्यंतचा रस्ता दिसला, आणि त्यावर घामाघूम झालेला आपण. त्यानं बिडी दुसऱ्या गालात सरकवली.

"लोक लय बिघडले वैजू," तो म्हणाला.

त्याचा अंदाज सरळ होता. गाडी वेशीबाहेरच्या पुलापर्यंत जाईल आणि बसेल. दोघं चालत परत येतील, वहिनी एसटी धरतील. गावाला हसू मिळेल आणि बाळाला नाव.

वैजीनाथनं टाकी थेंबापर्यंत रिकामी केली आणि जीपवाल्या किशनरावाकडून चार लिटर स्वच्छ पेट्रोल आणून भरलं.

बारशाच्या दिवशी सकाळी नऊला गाडी निघाली. मनकर्णा इरकली लुगडं नेसून, झबल्या-टोपड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन मागं बसली. वैजीनाथनं किक मारली आणि ओरडला, "धूर बग भानू! हाय का? टिपूस न्हाई! डीलरला जमलं न्हाई ते म्या केलं!"

दहा वाजले तरी कुणी परत येईना. चंद्रभान पुलापर्यंत चालत गेला. पुलावर एक म्हैस होती. परभणीकडून आलेल्या एसटीला हात करून त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"लाल गाडी? मागं बाई? लय झकास जायलीय!"

इंजिनात उरलंसुरलं तेल होतं, ते गाडीला ओढत होतं. अकराची एसटी रिकामीच निघून गेली. गाडी बंद पडू दे, पण इथंच जवळ पडू दे, म्हणून चंद्रभाननं मारुतीला हात जोडले. असलं मागणं मारुतीकडंही पहिल्यांदाच आलं असावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं एसटीनं आले. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली.

"मानवतच्या अलीकडं मागचं चाक एकदम जाम," वैजीनाथ ओट्यावर बसत म्हणाला. "ही म्हणली, एसटीला हात करा. मी म्हणलो, पाच मिनिटांत खोलतो."

"मग?"

"दोन वाजेपर्यंत खोलली. मग एसट्या लगीनसराईच्या भरलेल्या, एक थांबंना. बैलगाडीत बसून दिवे लागायला पोचलो. नाव ठिवून झालं होतं. शेजारच्या कस्तुराबाईनं सांगितलं कानात."

"काय ठिवलं?"

"राजू."

आतून मनकर्णाचा आवाज आला. "म्या ठरिवलेलं नाव मपल्यापाशीच राह्यलं."

चंद्रभानकडं दोन दिवसांचे विनोद साठले होते. त्यातला एकही वर येईना. "वैजू, पैजेचं सोडून दे," तो म्हणाला.

"काहून सोडू? डीलरनं इंजिनच खराब दिलं, ती गोष्ट अलग. हरलो ते हरलो."

बाजाराच्या दिवशी पोरांनी चंद्रभानला जबरदस्तीनं फेटा बांधला आणि गाडीवर बसवलं. गाडी न्यूट्रलला टाकून वैजीनाथ ढकलू लागला. शिट्ट्या वाजल्या, कुणी मिरच्यांचा हार घातला. वैजीनाथ धापा टाकत दुतर्फा सांगत होता, "डीलरनं फसिवलं मला! डीलरनं!" आणि प्रत्येक वेळी फेट्याखालचं डोकं खाली जात होतं.

कासारणीच्या पालापाशी मनकर्णा टोपली घेऊन उभी होती. ती हसत नव्हती, चिडलेलीही नव्हती. ती फक्त गाडीच्या मागच्या सीटकडं बघत होती.

"वैजू, थांब."

"पार कुठं आलाय अजून?"

"थांब म्हणलो." चंद्रभान खाली उतरला. "डीलरनं न्हाई फसिवलं. पेट्रोलात तेल घालावंच लागतंय. मला ठाऊक व्हतं. तू भेसळ म्हणलास, तवा मी गप बसलो."

जवळचे तराजू थांबले. वैजीनाथ गाडी धरून तसाच उभा. शिव्या कुणाला द्याव्यात, शेजाऱ्याला की आपल्या वीस वर्षांच्या इंजिनाला, हे त्याला ठरवता येईना.

"अन् मी... पुन्हा रस्त्यात खोलत बसलो," तो हळूच म्हणाला.

मनकर्णानं टोपली कासारणीपाशी ठेवली, पदर खोचला आणि सीटवर जाऊन बसली.

"ह्यांना हँडल धरू द्या. भावजी, तुमी मागनं."

चंद्रभाननं मिरच्यांच्या हारासकट खांदा लावला. "कुठवर ढकलायचं वैनी?"

"पाथरीपर्यंत."

बाजार हसला. गाडी सरकली. पार आला. वैजीनाथनं चंद्रभानकडं बघितलं, चंद्रभाननं मनकर्णाकडं. ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती. दोघांनी पुन्हा जोर लावला.