दादा आल्याशिवाय हलायचं नाही

छातीठोक सांगतो, पोरांना ट्रेकसाठी तयार कसं करायचं हे माझ्याइतकं आख्ख्या शहरात कुणाला कळत नाही! दिवसभर मोबाइल दुरुस्त करतो, पण उरलेला सगळा वेळ ट्रेकचे व्हिडिओ बघण्यात घातलाय. दोनशे तरी बघितले असतील. स्वतः किती चाललो? जाऊ द्या ना, कशाला खोलात शिरताय!

म्हणूनच युवक केंद्राच्या मॅडमनी नऊ पोरं माझ्या हवाली केली. पुढच्या रविवारी डोंगरात बावीस किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्याआधी माझी परीक्षा. या शनिवारी पोरांना घेऊन शहरातून आठ किलोमीटर चालायचं आणि दहाच्या ठोक्याला वाचनालयाच्या पायऱ्यांवर मॅडमसमोर हजर व्हायचं. जमलं तर ट्रेकचा लीडर मी! आईला तर मी आधीच सांगून टाकलं होतं, झालो म्हणून.

त्याआधीचे तीन आठवडे पोरांना पिळून काढलं होतं. पाणी घोट घोट प्या. नवे बूट घालून येऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "दादा दिसेनासा झाला तर शोधत फिरायचं नाही! आहात तिथेच बसायचं. तीन शिट्ट्या, मिनिटभर थांबायचं, परत तीन. आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही!"

शनिवारी मी नवे बूट घातले. लीडर लीडरसारखा दिसायला नको?

सातव्या किलोमीटरला टाचेला असा फोड आला की बुटात कुणी बटाटा ठेवलाय असं वाटावं. आता पोरांसमोर लंगडणार कसं? मी सगळ्यांच्या पुढे होतो. कोपरा वळलो आणि सटकन औषधाच्या दुकानात शिरलो. पट्टी घ्यायची, मिनिटात बाहेर!

"बूट काढ," दुकानदार काका म्हणाले.

"नुसती पट्टी द्या ना काका."

"काढ म्हणतो ना!"

काढला. टाच मोकळी झाली ती टम्म फुगली. मग बूट काही आत जाईना! काकांनी पावडर टाकली, मी ओढला, काकांनी ढकलला. बाहेर शिट्ट्यांचा नुसता धुमाकूळ.

"आज ट्रॅफिक पोलीस फारच जोरात आहेत," मी म्हणालो.

"पगार वाढला असेल," काका म्हणाले.

वीस मिनिटांनी एक बूट पायात, एक हातात, असा बाहेर आलो, तर कोपऱ्यावरच्या बँकेपुढे ही गर्दी! आणि बँकेच्या ऐन दारात माझी नऊच्या नऊ पोरं मांडी ठोकून बसलेली.

"बाळांनो, जरा सरकून तरी बसा!" वॉचमन हात जोडत होता.

"दादा आल्याशिवाय हलणार नाही!" चिमणी ओरडली. ही नववीतली, नऊ जणांत सगळ्यात बुटकी, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर पोचणारा.

पेन्शनच्या रांगेतल्या आजोबांना वाटलं, पोरं आपल्यासाठीच धरणं धरून बसलीत. तेही बसले! मागोमाग पंधरा-वीस आजी-आजोबा.

"खुर्च्या मिळाल्याच पाहिजेत!"

मॅनेजर घामाघूम. "देतो हो, सोमवारपासून खुर्च्या! पंखासुद्धा देतो! पण त्या शिट्ट्या आवरा!"

"थांबलोय की मिनिटभर," चिमणी घड्याळ बघत म्हणाली. "झालं मिनिट."

आणि परत तीन!

मी लंगडत धावलो. "उठा, उठा, आलोय मी!"

"आधी मोजा," चिमणी म्हणाली. "मोजल्याशिवाय निघायचं नाही. तुम्हीच शिकवलंय."

मोजले. नऊ.

"आणि हे दहावे," मागून आवाज आला. मॅडम! दहा वाजून गेले होते, त्या शिट्ट्यांच्या मागावर आल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या हातातला बूट बघितला, मग पाय, मग मला.

"पोरं एकदम तयार आहेत," त्या म्हणाल्या.

"थँक्यू मॅडम! मेहनतच तेवढी..."

"'पोरं' म्हणाले मी. रविवारी पुढे चिमणी चालेल, शेवटी मी. टाच बरी झाली तर तुम्हीही या, मधे चाला." त्यांनी पर्समधून एक फॉर्म काढला. "खाली पालकांची सही आणा."

"अहो मॅडम, मी पंचवीस वर्षांचा आहे!"

"वयाचं कोण बोलतंय?"

घरी गेलो, फॉर्म आईपुढे सरकवला. आईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"तू लीडर होतास ना रे? मग पुढे कोण चालणार?"

"नववीतली एक मुलगी."

"बरं झालं बाई," आई म्हणाली आणि लगेच सही केली.