अर्जाले जोडलेला खांब

फुलसिंगकाकानं मारलेली गाठ आमच्या तांड्यात कोनालेच सुटली नाही. मले तं नाहीच नाही. एकडाव त्याइनं माही बकरी खुंट्याले बांधून देल्ली, अन् मी तीन दिवस तिले चारा जाग्यावर नेऊन देल्ला. चौथ्या दिवशी बायको म्हने, "अवं, खुंटाच उपटा ना!" तवा डोस्क्यात उजेड पडला. तवापासून मी बकरी आनि खुंटा, दोघाइले चाराले नेऊ लागलो.

काका कशालेही गाठ मारत. बंडीवरचं वझं, विहिरीची बादली, कापसाचं गाठोडं. देवळात जाताना पायतान बाहेर काढलं तं तेही एकमेकाले बांधून. गाठ मारली का दोन पावलं मांगं सरत आनि म्हनत, "वढून पाय!" वढलं का गाठ आनखीन आवळे. हा बोल मंग सगळ्यालेच लागू. कोनी म्हनलं पोरगा चांगला आहे, पोरगी देऊन टाका, तं काका म्हनत, "वढून पाह्यलं का?" एक पुढारी तांड्यात येऊन म्हने, सडक देतो. काका उभे राह्यले. "सायब, वढून पाहू का?" सडक अजून आली नाही.

ह्या गाठीमांगं त्याइचा बाप होता. रूपला त्याचं नाव. बसऱ्याच्या लढाईच्या टायमाले, म्हंजे पह्यल्या महायुद्धात, तो घरून गेला. मधात एकडाव आठ दिवस आला, तवा काका झोळीतलं लेकरू. रूपलानं झोळीचा दोर घरातल्या खांबाले सोताच्या हातानं बांधला, आनि गेला तो गेलाच. कागद नाही, निरोप नाही. काकाची याडी, म्हंजे माय, म्हने का फौजेत गेला, खाकी सदरा घालून आलता. तांडा म्हने, सदरा तं बाजारात भी भेटते. बाई घेऊन निजामाच्या मुलखात पळाला. काका चाळिशीचे झाले, तरी पंगतीत कोनी ना कोनी म्हनेच, "सरका रे, पळपुट्याच्या लेकाले बसू द्या." हासनाऱ्याइत मी भी राहो. कामाले मांगं असलो तरी हासाले मी सगळ्याइच्या पुढं.

झोळी गेली, पन दोराची गाठ खांबावर तशीच होती. याडी रोज सांजच्याले तिच्यावर हात फिरवे. डोळे गेलते तिचे, पन हात बरोबर तिथंच जाये.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. आमी मातर होतो तिथंच होतो. काका म्हने, "थावऱ्या, नवं राज्य, नवे सायब. फौजेच्या दफ्तराले अर्ज करू. चाल संगं." मी म्हनलं, "काका, मी शाळा बाहेरून पाह्यली फक्त, छपराचे कवेलू फेराले गेलतो तवा." तं म्हने, "तुले वाचाले कोन नेते? वझं उचलाले नेतो."

दारव्ह्याच्या कचेरीपाशी लिंबाखाली एक अर्जनवीस बसत. बापजाद्यापासून कागदावर जगलेलं घर, बोलनं एकदम पुस्तकासारखं.

"वडिलांच्या पलटणीचा नंबर सांगा."

"नंबर मालूम असता तं तुमच्याकडं कायले आलो असतो?"

"मग दुसरा काही पुरावा?"

"आहे ना. गाठ आहे."

अर्जनवीसानं चश्मा काढला, पुसला, परत लावला. मानूस भला होता. सगळं आयकून घेतलं. म्हने, "पुढच्या बाजाराला या. इथं एक म्हातारे हवालदार येतात, त्या लढाईत खेचरांच्या पलटणीत होते. त्यांनी गाठ ओळखली तर त्यांची साक्ष लिहू. हा अर्ज घ्या, आणि पुरावा याला जोडून आणा."

जोडून आना म्हनलं, तं काकानं जोडून आनला. गाठ सोडली तं पुरावा कायचा? म्हनून खांबच कापला. छत हातभर खाली आलं, ते मी डोस्क्यावर पेललं. डोस्कं रिकामंच होतं, कामी आलं. मंग नवा खांब ठोकला, आनि जुन्याचा गाठीवाला तुकडा काढून अर्ज त्याच्यावर बांधला. कोनत्या गाठीनं, ते सांगाले नको. याडीनं काही आडकाठी केली नाही. फक्त म्हने, "परत आनजो, बेटा."

बाजाराच्या दिवशी काका हवालदाराले पाहाले गेले. मले बजावलं, "खांबाजवळून हालू नको." आता मी नाहीच हाललो असतो. पन समोर भजे तळून राह्यले होते, आनि वास मले हालवून राह्यला होता. खांब भट्टीपाशी टेकवला. पुडीभर भजे खाल्ले. मिरची लागली म्हनून पानी प्याले गेलो. आलो, दुसरी पुडी घेतली, अन् पाहतो तं खांब भट्टीत! दोर गेला, अर्ज गेला, नुसता कोळसा. भजेवाला म्हने, "लाकडाले पाहून कोनाले समजंल बाप्पा, का हा अर्ज आहे?" आनि त्याच्यावर तळलेला दुसरा घाना मी पुडीत धरून उभा.

तेवढ्यात काका आले. संगं हवालदार, पांढऱ्या मिशीचा, एका पायानं लंगडा. काकानं भट्टीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. शिवी देल्ली असती तं बरं वाटलं असतं.

"गाठ कुठी आहे?" हवालदार म्हने.

काकानं बंडीतला दोर आनला, बाकड्याच्या पायाले गाठ मारली, दोन पावलं मांगं सरले. "अशी होती. वढून पाहा."

हवालदारानं वढलं नाही. खाली बसून बोटानं चाचपलं. "बेटा, ही खेचरावरच्या वझ्याची गाठ. सगळी आमच्यासारखी. पन शेवटचा पेच उलटा आहे. पलटनीत अशी बांधली असती तं उस्तादानं कान उपटले असते." मंग त्यानं ते गाठ सोडली. काकाशिवाय ते गाठ सोडनारा मानूस मी पह्यल्यांदा पाह्यला. आनि सोताच्या हातानं परत मारली, शेवटचा पेच खालून घेऊन. "ही फौजेची. तुही कोनाची, मले काय मालूम? खोटी साक्ष कशी देऊ?"

परत येतानी बंडी काका हाकून राह्यले होते. मी म्हनलं, "काका, माह्या भज्यापायी जळालं सगळं. मारा मले."

"तुह्यानं काय जळालं रे? खांबावरची ते गाठ माहीच होती."

मले समजलं नाही. मले तसंही उशिरा समजते.

"आठ वर्साचा होतो," काका म्हने. "पोरं पळपुट्या म्हनत. मले पाहाचं होतं बापानं कशी बांधली, म्हनून सोडली. मंग बांधताच येईना. याडी वावरातून ये परेंत बांधून राह्यलो, बोटं सोलले. बसली कशीबशी. तवापासून जे दिसंल त्याले बांधून पाहतो, का कधीतरी हात बापाच्या रस्त्यानं जाईल. शेवटचा पेच वरून होता का खालून, आठवतच नाही, थावऱ्या. तीस वर्सं झाले, याडी माह्याच गाठीवर हात फिरवून राह्यली."

मी त्याइच्या हातातला कासरा घेतला आनि बंडी घराकडं हाकली.

घरी आलो तं याडी दारातच होती. "आनली?"

"आनली," काका म्हने. नव्या खांबाले दोर बांधला, हवालदारासारखा, शेवटचा पेच खालून. याडीचा हात धरून तिथं नेला. बोटं फिरले. शेवटच्या पेचावर थांबले. परत फिरले. काकाचा श्वास मले आयकू येत होता.

"फुल्या," याडी म्हने, "आज बरोबर बांधली."

काकानं तिचा हात सोडला. "तुले मालूम होतं?"

"त्याच दिवशी समजलं. त्यानं बांधली तवा तू माह्या कडेवर होता, मी पाहून राह्यली होती. पन तुह्ये बोटं सोललेले दिसले. मंग काय बोलू?" पेच चाचपत म्हने, "ही कोनी दाखवली तुले?"

"फौजेच्या हवालदारानं."

याडीनं गाठीवरचा हात काढला नाही. "पाय बरं," म्हने. "मी म्हनतच होती."

दुसऱ्या दिवशी काका घरोघर फिरले. जितक्या गाठी मारल्या होत्या, तितक्या सोडल्या आनि नव्यानं मारल्या. लोकाइले वाटलं, पळपुट्याच्या लेकाचं डोस्कं फिरलं. खरं काय ते सांगाले मी तोंड उघडलं, तं काकानं मान हालवून नको म्हनलं. शेवटी माह्या बकरीपाशी आले. जुनी गाठ सोडली, नवी बांधली, दोन पावलं मांगं सरले. मी वाट पाहून राह्यलो. पन 'वढून पाय' काही म्हनले नाही. धोतराले हात पुसले आनि घराकडं गेले.

मंग मीच आपलं वढून पाह्यलं.