एका दोरावरचा अबोला

नवरा-बायकोचं कितीही कडाक्याचं भांडण असू द्या, त्यांना आमच्या बर्फाच्या पठारावर आणा आणि एका दोराला बांधा. दोन दिवसांत दोघं एका मफलरमध्ये! हे मी, वाटाड्या नासारेनो, आमच्या एल चाल्तेन गावातल्या प्रत्येक खानावळीत छातीठोकपणे सांगत आलोय. अर्ध्या गावाचं पाठ झालंय!

त्यामुळे आन्सेल्मोकाका आणि एर्मिनियाकाकू आमच्या मोहिमेला आले, तेव्हा मला पर्वणीच वाटली. दोघंही कोर्दोबा शहरातले, साठीच्या पुढचे, तब्येतीने ठणठणीत. आणि दोघांत कडकडीत अबोला!

"मग हे एकत्र आलेच कशाला?" मी आमच्या म्होरकीला, ग्रिसेल्दाला विचारलं.

"नाव आधी नोंदवलं, भांडण नंतर झालं. आता दोरावर शेजारी यायला दोघं तयार नाहीत."

"मग मी मध्ये येतो! बघच तू, कसा बोलतं करतो ते!"

"नासारेनो, तू पायाखाली बघ. संसार त्यांचा त्यांना बघू दे."

पण ऐकेल तो मी कसला! सगळ्यात पुढे ग्रिसेल्दा, तिच्यामागे काकू, मग मी, शेवटी काका. निघालो.

भांडणाचं कारण पहिल्याच विश्रांतीला कळलं. काकूंनी माते, म्हणजे आमचा पाल्याचा चहा, सुक्या भोपळ्याच्या पेल्यात भरला, प्यायला नळी लावली. भोपळा ग्रिसेल्दाकडे गेला, माझ्याकडे आला आणि काकांच्या नाकासमोरून परत काकूंकडे! आमच्याकडे मातेच्या फेरीत माणसाला वगळणं म्हणजे पंगतीत वाढताना नेमकं त्याचंच पान टाळणं. काका डोंगराकडे बघत बसले.

"तीस वर्षं माझ्या हातचा कडू माते प्यायले," काकू मला म्हणाल्या, पण आवाज काकांना पोचेल असा, "आणि आता शेजारच्या ओफेलियाकडे जाऊन गोड पितात! साखर घालून! कुंपणावरून पाहिलंय मी, माझ्या या डोळ्यांनी!"

मला ठसका लागला. प्रकरण एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पठारावर आलो आणि वारा सुटला. आमचा वारा म्हणजे माणसाच्या तोंडातलं वाक्य पळवून नेणारा. त्यात मी निरोप्या!

"तिला विचार, दमली का?" मागून काका.

"काकू! दमलात का विचारतायत!"

काकूंना त्यातलं निम्मंच पोचलं. "दमले? मी? वय त्यांचं झालंय म्हणावं! आणि दोर फार ताणू नका म्हणावं!"

"काका! फार ताणू नका म्हणतायत!"

"मी ताणतोय? सुरुवात तिने केली! सांग तिला, कंटाळलो मी!"

तेवढ्यात बर्फातली एक खोल भेग आडवी आली. ग्रिसेल्दाने भेगेवर पुलासारखा साचलेला बर्फ काठीने टोचून बघितला, पार झाली आणि ओरडली, "एकेक जण या. मध्ये थांबायचं नाही!" काकू झपझप गेल्या. मी निघालो. बरोब्बर मध्यावर पोचलो, तर मागून काका, "सांगितलंस का तिला?"

मी थांबलो. वळलो. "सांगतो की!"

आणि खाली गेलो!

डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना निळ्या भिंती आणि पायांखाली काहीच नाही. वर एका काठावर काका, दुसऱ्यावर काकू, दोघंही बर्फाच्या कुऱ्हाडी रोवून पालथे पडले होते, अगदी मी शिकवल्याप्रमाणे. लटकल्या लटकल्या मला स्वतःचं कौतुक वाटलं!

"जिवंत आहेस?" ग्रिसेल्दाचा आवाज.

"आहे!"

"मी कप्पी लावलीय. इकडून आम्ही ओढतो, काकांना ढील द्यायला सांग. लवकर! ढग उतरतायत, तंबू लावायचाय!"

"काका! ढील द्या!"

"अजिबात नाही! असा कसा सोडू तुला, पोरा?"

"सोडू नका, ढील द्या!"

काका सोडीनात, ग्रिसेल्दा ओढायची थांबेना. मी दोरीवर वाळत घातलेल्या विजारीसारखा ताणला गेलो!

"काकू, तुम्ही सांगा ना त्यांना!"

"सांगते. पण आधी विचार, ओफेलियाकडे असं काय होतं?"

"काकू, मी लटकलोय!"

"मग पटकन विचार!"

विचारलं. मग काका ओरडले, "साखर! दुसरं काही नाही! मला कडू माते आवडतच नाही! पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, तिने कडू दिला, मी म्हटलं फक्कड झालाय. मग तीस वर्षं तेच म्हणत राहिलो!"

मी शब्द न् शब्द पलीकडे पोचवला. भीतीच्या मारे एकही अक्षर गाळलं नाही.

"अहो!"

दोन दिवसांतला तो पहिला 'अहो'! माझ्या अंगावर काटा आला. थंडीही होती म्हणा.

"अहो, मी माहेरी गोडच प्यायचे! तुम्हाला आवडतो म्हणून कडू करायला लागले!"

"अगं, काय सांगतेस!"

"तीस वर्षं तोंड वाकडं करून प्यायले मी!"

"मी पण!"

आणि दोघंही हसायला लागली. पोट धरून हसता येईना, कारण हातात मी होतो. त्यांच्या हसण्याने दोर हलायचा आणि मी देवळातल्या घंटेसारखा या भिंतीवरून त्या भिंतीवर!

"अहो काका! अहो काकू! मी अजून इथेच आहे!"

"हो रे बाबा! अगं, ढील देऊ का?"

"द्या! ओढ गं, ग्रिसेल्दा!"

काय सांगू! बाटलीचं बूच उडावं तसा बाहेर आलो! भेग जिथे निमुळती होत होती तिथून काकांनी उडी मारली आणि काकूंनी त्यांना असं कवटाळलं, की ग्रिसेल्दानेसुद्धा चष्मा पुसला. वादळाच्या आधी तंबू उभा राहिला. बाहेर वारा बोंबलत होता आणि आत साखरेचा डबा रिकामा होत होता. पुढचे सगळे दिवस दोघं दोरावर शेजारी-शेजारी, गाणी म्हणत चालली! मला मागे बांधलं होतं. सामानाच्या बोचक्यासारखं.

एल चाल्तेनला परतलो तर खानावळीत टाळ्या! काका-काकूंनी सगळ्यांना सांगितलं, नासारेनोमुळे आमचा संसार सावरला. माझी छाती जाकिटात मावेना.

बसमध्ये चढताना काकूंनी मला बाजूला घेतलं. "पुढच्या उन्हाळ्यात लेक आणि जावई येतील हं तुझ्याकडे. त्यांचं फारच बिनसलंय."

"बिनधास्त पाठवा, काकू!"

"पाठवते. फक्त तेव्हा जरा जास्त खोल पड. जावई भारी चिवट आहे."