न वाचता केलेली शिफारस

पुस्तकाची शिफारस करणाऱ्याने ते वाचलेलं असणं मुळीच आवश्यक नाही. किंबहुना वाचलेल्या माणसाच्या शिफारशीत शंका डोकावते आणि जनतेचा उत्साह मावळतो. ओन्टारिओतल्या एका लहान गावाच्या वाचनालयात डोरीन हॅस्केटने एकोणीस वर्षं हे पथ्य निष्ठेने पाळलं होतं.

महायुद्धावरच्या नव्या कादंबरीचं कार्ड तिने पुस्तक खोक्यातून काढण्याआधीच लिहून ठेवलं : ‘काळीज पिळवटणारी. सुंदर. जरूर वाचा.’ (हेच कार्ड पूर्वी चुकून मधमाशीपालनाच्या पुस्तकाला लागलं होतं. त्यालाही मागणी आली.) मुखपृष्ठावर लाल कोटातली बाई पाठमोरी उभी होती आणि वर विमानं. युद्धकाळात बायकांनी वाचकाकडे तोंड करू नये, यावर प्रकाशकांचं एकमत असावं.

त्रेसष्ट जणांनी नावं नोंदवली. त्यातले चाळीस जण पन्नासाव्या पानापर्यंत पोचले, बावीस जण मुखपृष्ठापाशीच हळवे झाले आणि या बासष्टही जणांनी शेजाऱ्यांना ती आग्रहाने सुचवली. पूर्ण वाचणाऱ्या एकट्या आल्त्ये हॉफस्ट्रा निघाल्या, वय अठ्ठ्याऐंशी.

मंगळवारी त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

“डोरीन, ही तूच सुचवलीस ना गं?”

“हो. कशी वाटली?”

“यातली उपाशी पोरगी खिडकीत बसून सूर्यास्त बघते. अडीच पानं! आम्ही हॉलंडात युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. सूर्य मावळला की एवढंच कळायचं, आता थंडी वाढणार. आणि यात कुणाला उवा नाहीत. मरणारा प्रत्येक जण आधी छानसं बोलून घेतो.” त्यांनी पुस्तक डोरीनकडे सरकवलं. “माझा भाऊ वीबे काहीच बोलला नाही.”

डोरीनकडे प्रत्येक तक्रारीसाठी छापील अर्ज होता. या तक्रारीसाठी नव्हता.

“मिसेस हॉफस्ट्रा, मी वाचलेलीच नाही हो ती.”

“ते कार्डावरूनच कळलं मला.”

डोरीनने त्यांना गुरुवारच्या वाचक मंडळात बोलावलं. बटर टार्ट खात डोरीनसह अकरा सभासदांनी त्यांचं बोलणं बारा मिनिटं ऐकलं. मग अध्यक्ष गॉर्डन टटल (निवृत्त दंतवैद्य, दुसऱ्याच्या वेदनेचा दांडगा अनुभव) हळुवारपणे म्हणाले, “तुमचा अनुभव मोलाचाच आहे, पण त्यात युद्धाचं वातावरण जरा कमी पडतं.”

“मला तर कादंबरीतली भूक जास्त खरी वाटली,” त्यांच्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या.

कादंबरी अस्सल असल्याचा ठराव दहा विरुद्ध एक मतांनी संमत झाला. विरोधातलं मत डोरीनचं होतं.

मिसेस हॉफस्ट्रांनी कोट चढवला. “बरं झालं सांगितलंत. मला उगाच वाटत होतं, मी तिथे होते.”

डोरीनने तीन दिवसांत कादंबरी वाचून काढली आणि कार्ड बदललं : ‘आधी न वाचता सुचवली होती. आता वाचली. भाषा गोड, भूक खोटी.’ कादंबरी वादग्रस्त ठरली आणि नोंदणी दुप्पट झाली.

मग ती मिसेस हॉफस्ट्रांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या सांगत गेल्या, ही लिहीत गेली. मध्ये दोनदा पेन खाली ठेवावं लागलं, दोन्ही वेळा डोरीनलाच. चार पानं भरली. तिने ती नीट शिवून त्याच फळीवर ठेवली आणि वर कार्ड लावलं : ‘मी हे वाचलं आहे.’

सात महिन्यांत ती पानं कुणी घरी नेली नाहीत. एका बाईंनी उचलून विचारलं, “शेवट गोड आहे का?” आणि परत ठेवली. नोंदणीची गरज नाही, रांगही नाही. वीबे तेव्हा किती वर्षांचा होता, हे पहिल्याच ओळीत आहे.

इथवर वाचलंत, पण तेवढं तुम्हीही विचारलं नाहीत.